दारापर्यंत ऐकू आलं पाहिजे

हंगाम संपला की मिस्त्रींच्या टेबलावर रिळांचा ढीग लागायचा. खोल समुद्रात मोठे मासे गळाला लावायची ही रिळं. एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढं, पितळेचं आणि काळ्या बेकेलाइटचं, हातात घेतलं की मनगट खाली जावं इतकं जड. बहुतेक रिळं मालकांपेक्षा वयानं मोठी. बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते, सुटे भाग मिळत नव्हते, तरी मालक जुनंच रीळ धरून बसायचे. बरं, धरून बसायचं तर नीट वापरावं ना! तेही नाही. हंगामभर खाऱ्या पाण्यात बुचकळायचं, गोड्या पाण्याचा थेंब दाखवायचा नाही आणि मग दुकानात आणून आदळायचं. वर तोंड करून म्हणायचं, "काही नाही मिस्त्री, जरासं जड फिरतंय."

या 'जरासं'ची मिस्त्रींना मनस्वी चीड होती. जरासं म्हणजे आत मिठाचा दगड झालेला असायचा. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट, पितळेवर हिरवागार कळंक, ब्रेकमधल्या चामड्याच्या चकत्या बिस्किटासारख्या कडक. मालकाला विचारावं, गेल्या वर्षी सांगितलं होतं ना, रोज घरी आलास की नळाखाली धर म्हणून? की तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघणार.

यंदा ढीग बघूनच मिस्त्रींना थकवा आला. खांदे भरून आले होते. सकाळी उठल्यावर बोटं सरळ व्हायला बराच वेळ घेत होती. पण दुसरं करणार कोण? लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. पुढच्या खोलीत दुकान, मागं छोटं अंगण, अंगणात नळ, पलीकडं वहिनींचं स्वयंपाकघर, आणि वर माळ्यावर यांची खाट, एवढाच संसार. थोरला भाऊ होता तोवर दुकान दोघांचं होतं. दादा गेला, तेव्हा दुकान यांच्या गळ्यात पडलं आणि हे वहिनींच्या.

काम मात्र अजूनही दादाच्या शिस्तीत चालायचं. रीळ उघडलं की निघेल तो स्क्रू निघाल्या क्रमानं अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवायचा, कारण हे स्क्रू हातानं बसवलेले. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाला दुसऱ्याच्या भोकात घातलं की आटे गेलेच म्हणून समजा. मग सगळे भाग रॉकेलमध्ये भिजत टाकायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशानं खरवडायचे, कोरडे करायचे. चाकांना ग्रीस, चामड्याला तेल. आणि सगळ्यात शेवटी क्लिकर.

क्लिकर म्हणजे रिळाचा गळा. एक छोटं दातेरी पितळी चाक, त्याच्या दातांवर टेकलेली पोलादी जीभ, आणि त्या जिभेला दाबून धरणारी स्प्रिंग. बोटीवर तासन् तास काही घडत नाही, माणसं उन्हानं पेंगतात. अशात मासा लागला की तो दोरी ओढत पळतो, रीळ गरागरा फिरतं आणि क्लिकर करकरायला लागतो. तीच हाक. ती ऐकू आली नाही, तर मासा सगळी दोरी घेऊन जातो आणि माणसं झोपलेलीच राहतात.

"दारापर्यंत ऐकू आलं पाहिजे," दादा म्हणायचा. रीळ टेबलाला जडवलेल्या वाइसच्या लोखंडी जबड्यात पकडायचं, एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं दुकानाच्या दारात उभं राहायचं. दारातल्यानं मान हलवली की रीळ पास. दादा गेल्यावर ही परीक्षा मिस्त्री एकटेच घ्यायचे. दोरीचं टोक हातात धरून दारापर्यंत जायचे आणि तिथूनच ओढायचे. नाही ऐकू आलं, की परत टेबलाशी, परत उघडायचं, स्प्रिंग थोडी वाकवून कडक करायची, परत दारात. गेल्या दोन-तीन वर्षांत या येरझाऱ्या फार वाढल्या होत्या. मिस्त्रींनी सगळा दोष स्प्रिंगांवर टाकला. जुनं पोलाद, दम गेला असणार त्यातला. तसे लोकही आजकाल तोंडातल्या तोंडातच बोलत होते, आणि रेडिओ तर नुसता कुजबुजायचा. सगळ्या जगाचीच ताकद कमी झाली होती. मिस्त्रींना त्याचं नवल वाटत नव्हतं. त्यांचीही झाली होती.

त्या दुपारी कप्तान आला. बापाची बोट आणि बापाचंच रीळ चालवणारा, चाळिशीचा, उन्हानं रापलेला गडी. त्यानं रीळ आदळलं नाही, हळूच ठेवलं. तिथंच मिस्त्रींच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"मुकं झालंय," तो म्हणाला.

"काय?"

"मुकं झालंय, मिस्त्री!" कप्ताननं आवाज चढवला. "शेवटच्या फेरीत. सगळे जरा आडवे झालो होतो. डोळा उघडून बघतो तर रीळ रिकामं. मासाही गेला, दोरीही गेली. चकार शब्द काढला नाही यानं."

मिस्त्रींनी लगेच रीळ उघडलं. एकेक स्क्रू ट्रेमध्ये गेला, बाजूची तबकडी निघाली. क्लिकरच्या चाकाचे दात खाल्ले गेले होते. सगळीकडं पितळेचा भुगा, ग्रीसमध्ये कालवलेला. दातांच्या जागी नुसत्या लाटा उरल्या होत्या आणि पोलादी जीभ त्यावरून घसरत होती.

"क्लिकर चालू ठेवून दोरी गुंडाळतोस!" ते कडाडले. "किती वेळा सांगितलं, मासा लागला की क्लिकर बंद करायचा आणि मग खेचायचं! बापानं कधी असं केलं नाही. मिळेल का आता असलं चाक? वाट लावलीस!"

"नाही हो. बंद करतो मी. पहिल्यापासून."

"मग काय उंदरांनी खाल्लं?"

कप्तान मिस्त्रींच्या जवळ सरकून, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "रागावू नका. पण तुमच्या हातून आलेलं रीळ हल्ली फार कोकलतं. धक्क्यावर सगळे हसतात. शेजारच्या बोटीवर मासा लागला तरी आमची माणसं उठून बसतात. आम्हाला वाटलं, हीच तुमची खूण. मिस्त्रींचं रीळ, बहिऱ्यालाही उठवेल." म्हणाला आणि जीभ चावली.

मिस्त्री हसले. हसण्यावारी नेलं, "ठेवून जा, बघतो," म्हणाले, आणि कप्तान गेल्यावर दार लावून घेतलं.

ढिगाशेजारी तयार झालेली रिळं ओळीनं मांडली होती, मालकांनी घेऊन जायची. त्यातलं एक त्यांनी वाइसमध्ये धरलं आणि दोरी ओढली. दूर कुठंतरी कुणी सुपारी कातरावी तसा बारीक आवाज आला. मग त्यांनी एक गोष्ट केली जी आजवर कधी करायची गरज पडली नव्हती. तबकडीवर बोट टेकवलं आणि पुन्हा ओढली. बोटाला असे दणके बसले की ते मनगटापर्यंत गेले. दुसरं रीळ, तेच. तिसरं, तेच. एकाही स्प्रिंगचा दम गेलेला नव्हता. उलट प्रत्येक स्प्रिंग गळा आवळावा तशी कडक करून ठेवलेली होती. कडक जीभ मऊ पितळेला रोज थोडं थोडं कुरतडणार, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दम गेला होता तो त्यांच्या कानांचा, आणि दोन-तीन वर्षं ते त्याचा दंड रिळांकडून वसूल करत होते.

मिस्त्री स्टुलावर बसले. देऊन टाकलेली रिळं परत मागवायची, ढीग परत उघडायचा, आणि बहिऱ्या माणसानं क्लिकर लावायचा तरी कसा? हे सगळं डोक्यात येत होतं. आणि मग आठवलं. दादाचं रीळ.

ते स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचं. दादा स्वतःही गळ टाकायला बोटीवर जायचा. समुद्रावरून परतला की घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातल्या नळाखाली रीळ धुवायचा आणि पाणी झटकायला म्हणून दोरी दोन हिसके ओढायचा. कर्र, कर्र. आत वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. 'आलो' म्हणायची दादाची पद्धत नव्हती आणि 'आलात का' विचारायची वहिनींची नव्हती. सगळा संसार असाच झाला, आवाजावर. दादा गेल्यावर संध्याकाळी कधीतरी वहिनी ते रीळ फळीवरून काढायच्या, हातभर दोरी ओढायच्या, ऐकायच्या आणि परत गुंडाळून ठेवायच्या. मिस्त्री माळ्यावरून ऐकायचे आणि कुशीवर वळायचे. हल्ली बरेच दिवस तो आवाज वर आला नव्हता. वहिनी सावरल्या, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण दर वर्षी ढीग संपला की शेवटी ते दादाचं रीळ स्वतःच्या हातानं करायचे. दारात उभं राहून, ऐकू येईपर्यंत. आणि वहिनी अजूनही ओढत असतील, आपल्यालाच ऐकू येत नसेल, तर आतापर्यंत त्या चाकाचं कप्तानच्या चाकासारखंच झालं असणार. नवं चाक लेथवर कुणी कापून देईलही. आवाज कुठून कापून आणणार?

अंगण ओलांडून ते स्वयंपाकघरात गेले. वहिनी भांडी पुसत होत्या.

"वहिनी, दादाचं रीळ द्या जरा."

"कशाला? ते तर शेवटी करता ना." वहिनी फळीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "राहू दे भाऊजी. एवढा ढीग पडलाय बाहेर."

"द्या म्हणतो ना!"

त्या बाजूला झाल्या. मिस्त्रींनी तिथंच टेबलावर रीळ उघडलं. स्क्रू ठेवायला ट्रे नव्हता, वहिनींनी न सांगता ताटली पुढं केली आणि त्यांनी ते कडेनं क्रमानं लावले. तबकडी निघाली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, दिवा ओढून घेतला.

दात शाबूत होते. सगळेच्या सगळे, टोकदार, दादानं ठेवले तसे. स्प्रिंग मात्र कडकच होती, त्यांनीच वाकवलेली. ग्रीसमध्ये पितळेचा कणही नव्हता. वर्षभर या चाकावरून जीभ फिरलीच नव्हती.

"ओढत नाही तुम्ही हल्ली?"

वहिनी काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

"तो आवाज यांचा राहिला नव्हता!" वहिनींना ओरडावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात, पण इलाज नव्हता. "किंचाळल्यासारखं व्हायचं. छातीत धस्स व्हायचं माझ्या. म्हणून सोडून दिलं!"

"मग सांगायचं नाही मला? मी काय मेलो होतो?"

"काय सांगू? तुम्हाला ऐकू येत नाही, हे सांगू? जेवायला चारदा हाका मारते तेव्हा कळत नाही का तुम्हाला? कळून घ्यायचं नसतं तुम्हाला!" त्या दमल्या. कपड्यानं हात पुसत राहिल्या. मग पुन्हा, तेवढ्याच मोठ्यानं, "तुमच्याकडं एक हे काम उरलंय. दर वर्षी एवढ्या मायेनं करून आणून देता. विचारता, झालं ना झकास? मी मान हलवते. एक आवाजच ना, गेला तर गेला म्हटलं!"

मिस्त्रींच्या अंगाचा आधी तिळपापड झाला. यांना कुणी सांगितलंय माझी कीव करायला, असं ओठावर आलं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो सकाळपासून रिळांनी काढून घेतला होता. या बाईनं आपल्या नवऱ्याचा आवाज यांची अब्रू झाकायला देऊन टाकला होता, आणि यांनी दोन वर्षं ती मान बघून वर चहा मागितला होता. त्यांना आपलीच लाज वाटली. अगदी स्वच्छ, सरळ लाज.

"स्प्रिंग मागं घेतो," ते शेवटी म्हणाले. "पण जुनं पोलाद आहे, वहिनी. एका बाजूला वाकवलेलं परत उलटं वाकवलं की कधी तुटेल सांगता येत नाही. तुटली तर संपलं. दुसरी नाही."

"आणि नाही वाकवली तर?" वहिनींनी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं.

"तर आहे तसंच."

"तसं तर ते मेलेलंच आहे," वहिनी म्हणाल्या. "करा."

मिस्त्रींनी स्टूल अंगणात नेलं, नळापाशी, दादा उभा राहायचा तिथं. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, ताटली. वहिनी आत ओट्याशी उभ्या राहिल्या, खिडकी उघडी ठेवून. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मिस्त्रींनी स्प्रिंग पकडीत धरली आणि केसभर सैल केली. तबकडी बसवली, प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या घरात. दोरी ओढली आणि खिडकीकडं बघितलं.

वहिनींनी हात खाली केला. अजून कमी.

पुन्हा सगळे स्क्रू. पुन्हा केसभर. पाठीतून कळ गेली, त्यांनी दात आवळले. ओढली. हात खाली. पुन्हा. एकदा स्क्रू ताटलीतून निसटून फरशीवर घरंगळला आणि दोघांनी, ते गुडघ्यावर आणि वहिनी बाहेर येऊन, शोधून काढला. पुन्हा. पहिल्यांदा त्यांना निदान सुपारी कातरल्याएवढं ऐकू येत होतं. आता तेही येत नव्हतं. दोरी ओढली की रीळ फिरताना दिसायचं, बस्स. काचेपलीकडून बघावं तसं.

मग खिडकीत वहिनींनी मान डोलावली. "छान!" त्यांनी हातानंही खूण केली. "झालं. पुरे!"

मिस्त्री त्या मानेकडं बघत राहिले. हीच मान. याच मानेनं दोन वर्षं त्यांना झकास म्हटलं होतं. पकडीत धरल्यावर स्प्रिंगच्या वळणावर एक पांढुरकी रेघ उमटायला लागली होती, ती त्यांना भिंगातून दिसली होती. वहिनींनाही त्यांचा चेहरा दिसला असणार. म्हणूनच पुरे. इथंच थांबलं तर रीळ वाचत होतं, यांची पाठ वाचत होती, आणि वहिनी उद्यापासून पुन्हा फळीकडं न बघता भांडी पुसणार होत्या.

"नाही झालं," ते म्हणाले आणि पुन्हा उघडलं.

या वेळी त्यांनी पक्कड बाजूला ठेवली. स्प्रिंग अंगठा आणि बोटाच्या मधे धरली आणि श्वास रोखून, नुसत्या बोटांनी, जुन्या वळणाकडं नेली. डोळे मिटले. कान उपयोगाचे नव्हते, पण पोलाद तुटायच्या आधी बोटाला सांगतं. पोलाद काही बोललं नाही. त्यांनी ती जागेवर बसवली, तबकडी लावली, आणि शेवटचा स्क्रू तसाच ताटलीत ठेवून दोरीला दोन हिसके दिले, दादा द्यायचा तसे.

त्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी खिडकीकडं बघितलं.

वहिनींनी मान हलवली नाही. हातही केला नाही. त्या त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांनी फळीवरून पातेलं काढलं, त्यात पाणी ओतलं, शेगडी पेटवली आणि पातेलं वर ठेवलं. डबा उघडून चहाची पूड चमच्यात घेतली. मग चमचा हातात तसाच राहिला आणि त्या थांबल्या. काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. खिडकीच्या गजाला धरून त्या अंगणात बघायला लागल्या, नळाकडं, आणि त्यांच्या तोंडाचा आकार झाला तो एकाच शब्दाचा होता. तो वाचायला मिस्त्रींना कान लागले नाहीत. आले.

मिस्त्रींनी ताटलीतला शेवटचा स्क्रू उचलला, त्याच्या भोकात घातला आणि घट्ट केला. मग तबकडीवर बोट टेकवून, वहिनींसाठी, दोरी आणखी एकदा ओढली.